मदत हवी आहे : जुन्या कचरा डेपोखालची विहीर

मंडळी, आमचं शेत बेळगाव तालुक्यात, मार्कंडेय नदीकडच्या बाजूला. वरच्या अंगाला बंद पडलेला कचरा डेपो आहे, नुसती माती ओढून झाकलेला. यंदा पावसाळ्यानंतर विहिरीवर तांबूस तवंग आणि कुजका वास. म्हशीसुद्धा तोंड लावत नाहीत! टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) १,४०० आला, पण त्यावरून शिसं-कॅडमियम थोडंच कळतं? नायट्रेट (मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम), क्लोराइड, अमोनिया आणि जड धातू तपासणारी मान्यताप्राप्त लॅब बेळगाव, हुबळी किंवा कोल्हापुरात कुणाला माहीत आहे का? तुलनेसाठी डेपोच्या वरच्या विहिरीचाही नमुना घ्यावा ना? घनकचरा नियमांत जुने ढीग बायोमायनिंगने (म्हणजे जुना कचरा उकरून, चाळून वेगळा करून) उपसायची सोय आहे म्हणे. तसा कन्नडमधला अर्ज कुणाकडे असेल तर पाठवा. आमचं कन्नड बाजारापुरतंच.