मदत हवी आहे: विजया तेल घेऊन सकाळी गाडी चालवावी काय?

मंडळी, आमच्या मामांना कंबरदुखीवर वैद्यांनी चिठ्ठी लिहून विजया तेल दिलंय, म्हणजे भांगेच्या पानांचंच औषध, रात्री थेंब घेतात आणि झोप चांगली लागते बघा, पण सकाळी सातला खानापूरहून बेळगावला मोटरसायकल काढतात, मला लई काळजी वाटते. दारूला 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ड्रग्जला मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये आकडाच नाही, गाडीवर नीट ताबा ठेवता येत नसेल तर गुन्हा, पहिल्यांदाच 10,000 दंड नाहीतर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. चेकिंगला वैद्यांची चिठ्ठी चालते काय? डोसनंतर किती तास थांबायचं? घरात कुणी घेत असेल किंवा कुणी वकील, डॉक्टर असतील तर प्लीज सांगा, मामा माझं ऐकेनात.