मदत हवी आहे: तीव्र दम्यात स्टेरॉईड लागू पडत नाही, तेव्हा नेमके काय तपासायचे?

अनाहत:
जाणकारांचे मत हवे आहे. बोलायला सोपे जावे म्हणून एक नमुना घेऊ. वय ४२, धूम्रपान कधीच नाही. ब्युडेसोनाईड (स्टेरॉईड) आणि फॉर्मोटेरॉल (श्वासनलिका रुंदावणारे औषध) यांचा इनहेलर वरच्या मात्रेत, म्हणजे ब्युडेसोनाईड दिवसाला ८०० मायक्रोग्रॅमच्या वर, सहा महिने चालू. तरी रात्री धाप लागून जाग येतेच. मग प्रेडनिसोलोन (तोंडावाटे घ्यायचे स्टेरॉईड) रोज ४० मिलिग्रॅम, १४ दिवस. एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) अपेक्षित प्रमाणाच्या ५८ टक्क्यांवरून जेमतेम ६१ टक्क्यांवर आले. श्वासनलिका रुंदावणारे साल्ब्युटामॉल ४०० मायक्रोग्रॅम दिल्यावर मात्र लगेच १८ टक्के सुधारणा. चौदाव्या दिवशी रक्तातले इओसिनोफिल (ॲलर्जीच्या सुजेत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दर मायक्रोलिटरला ६०, श्वासातले नायट्रिक ऑक्साईड (फेनो) ४१ पीपीबी (अब्जात भाग).

हा खरोखर स्टेरॉईडला न जुमानणारा दमा म्हणायचा का? इओसिनोफिल इतके कमी आहेत, मग ॲलर्जीच्या वाटेची सूज नाही असे धरायचे का? आणि प्रेडनिसोलोन ६० मिलिग्रॅम करून काही साधेल का?

पैलतीर:
कागदावर तो व्याख्येत बसतो. रोज ४० मिलिग्रॅम, दोन आठवडे, तरी एफईव्ही-१ मूळच्यापेक्षा १५ टक्क्यांनीही वाढत नाही, पण श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधाने वाढते, अशी ती जुनी कसोटी आहे. तुमच्या नमुन्यात ५८ चे ६१, म्हणजे सुमारे ५ टक्के. पण ही कसोटी एक गोष्ट गृहीत धरते: औषध पोटात गेले. तिथेच सर्वाधिक चुका होतात.

प्रेडनिसोलोन घेतल्यावर दोन-तीन तासांत रक्त काढून प्रेडनिसोलोन आणि कॉर्टिसोल (शरीर स्वतः बनवते ते स्टेरॉईड) एकाच वेळी मोजावे. प्रेडनिसोलोन सापडत नाही आणि कॉर्टिसोल नेहमीइतके आहे, तर गोळी घेतली जात नाही. प्रेडनिसोलोन सापडत नाही पण कॉर्टिसोल दबलेले आहे, तर गोळी घेतली जाते, मात्र शरीर तिचा निचरा फार लवकर करते. अशा वेळी औषधांची यादी पाहा. रिफॅम्पिसिन, फेनिटॉईन, कार्बामॅझेपिन ही औषधे यकृतातली एन्झाईम्स वाढवून प्रेडनिसोलोन वेगाने संपवतात. प्रयोगशाळेला प्रेडनिसोलोन चालू असल्याचे आधी सांगावे, कारण काही पद्धतींत तेच कॉर्टिसोल म्हणून मोजले जाते आणि निकाल फसवा येतो.

इनहेलरचेही तेच. पावडरचा असेल तर श्वास जोरात आणि झटक्यात ओढायचा. फवाऱ्याचा असेल तर संथ, चार-पाच सेकंदांत, आणि नंतर दहा सेकंद रोखून धरायचा. एकाची रीत दुसऱ्याला लावली की औषध घशातच बसते. स्पेसर (फवाऱ्याला जोडायची प्लास्टिकची नळी) कपड्याने पुसून कोरडा केला तर आत स्थिर वीज तयार होते आणि औषध प्लास्टिकच्या भिंतीला चिकटते. भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवून काढावा आणि आपोआप वाळू द्यावा. रुग्णाला 'नीट घेता ना?' असे विचारून काहीच कळत नाही. समोर घ्यायला लावून बघावे. शंका उरलीच, तर आठवडाभर रोजचा इनहेलर कोणाच्या तरी देखरेखीखाली द्यावा. फेनो झपाट्याने उतरला, तर आधी औषध पोचतच नव्हते.

शिवाय घरघर नक्की कुठून येते ते ऐका. श्वास आत घेताना गळ्याशी आवाज येत असेल, तर स्वरतंतू चुकीच्या वेळी मिटत असू शकतात. ते स्टेरॉईडने कधीच सुटणार नाही. त्रास चालू असतानाच दुर्बिणीने घसा पाहावा लागतो, एरवी सगळे स्वच्छ दिसते.

केवडा:
हे सगळे पार करूनही प्रतिसाद नसेल, तर प्रश्न पेशीच्या आतला.

स्टेरॉईड पेशीत शिरून आपल्या रिसेप्टरला (त्याला धरणाऱ्या प्रथिनाला) चिकटते, ती जोडी केंद्रकात जाते आणि एचडॅक-२ नावाचे एन्झाईम सुजेच्या जनुकांपाशी बोलावते. जनुके चालू असताना तिथल्या हिस्टोन प्रथिनांवर ॲसिटिल गट लागलेले असतात. एचडॅक-२ ते काढते आणि जनुक बंद होते. ही साखळी तीन-चार ठिकाणी तुटते. इंटरल्युकिन-२ आणि ४ (पेशींमध्ये निरोप नेणारी प्रथिने) एकत्र वाढले की पी-३८ हे किनेज रिसेप्टरवर फॉस्फेट चढवते आणि तो केंद्रकात नीट शिरत नाही. काहींत रिसेप्टरचा बीटा प्रकार वाढतो. तो स्टेरॉईडला धरत नाही, पण खऱ्या रिसेप्टरच्या कामात अडथळा आणतो. सिगारेटच्या धुराने आणि ऑक्सिडेशनच्या ताणाने एचडॅक-२ च कमी पडते. म्हणूनच धूम्रपान चालू असणाऱ्या दमेकऱ्याला तीच मात्रा कमी लागू पडते.

यापेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे सूजच निराळ्या पेशींची असणे. न्यूट्रोफिल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) असतील तर स्टेरॉईड त्यांना मारत नाही, उलट त्यांचे आयुष्य वाढवते. आणि वर्षानुवर्षांच्या सुजेने श्वासनलिकेची भिंत जाड व ताठ झाली असेल, तर तिथे विझवायला काही उरलेलेच नसते. तुमच्या नमुन्यात साल्ब्युटामॉलने १८ टक्के सुधारणा आहे, म्हणजे नलिका अजून हलते. ही जमेची बाजू.

मात्रा ६० करू नये असे मला ठामपणे वाटते. साखर, हाडे, डोळे यांची किंमत वाढत जाते आणि तुटलेली साखळी त्याने सांधत नाही.

अनाहत:
फार उपयोगी. पण ६० इओसिनोफिलचा अर्थ कसा लावायचा?

धुकट:
त्या आकड्यावर निर्णय घेऊच नका. प्रेडनिसोलोन रक्तातले इओसिनोफिल काही तासांतच खाली आणते. चौदाव्या दिवशीचा आकडा औषधाचा आहे, आजाराचा नाही. तोंडावाटे स्टेरॉईड थांबून एक-दोन आठवडे झाल्यावर, किंवा थांबवता येत नसेल तर कमीत कमी मात्रेवर, पुन्हा मोजा. एकदा कमी आला म्हणून सोडू नका, तीनदा तरी पाहा. जुने रिपोर्ट काढा. कधीकाळी ३०० च्या वर असेल, तर ते महत्त्वाचे.

भरपूर स्टेरॉईड चालू असतानाही इओसिनोफिल १५० किंवा अधिक, फेनो २० किंवा अधिक, अथवा बेडक्यात इओसिनोफिल २ टक्के किंवा अधिक, यांपैकी एक जरी असले तरी 'टाईप २' (ॲलर्जीच्या वाटेची) सूज शिल्लक आहे असे समजतात. तुमचा फेनो ४१ आहे. म्हणजे नलिकेच्या अस्तरात इंटरल्युकिन-१३ अजून काम करते आहे, रक्त काहीही सांगो.

अशा रुग्णाला जैविक इंजेक्शने (सुजेतला ठराविक दुवा अडवणारी प्रतिपिंडे) सुचतात. मेपोलिझुमॅब (१०० मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी) इओसिनोफिल उतरवते, पण फेनो फारसा हलवत नाही. ड्युपिल्युमॅब इंटरल्युकिन-४ आणि १३ दोन्हींची वाट अडवते, त्यामुळे फेनो चढा असताना ते आधी विचारात घेतात. सुरुवातीला रक्तातले इओसिनोफिल वाढू शकतात, तेवढे लक्ष ठेवावे. टेझेपेलुमॅब (२१० मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी) आणखी वरच्या टप्प्यावर काम करते आणि इओसिनोफिल कमी असणाऱ्यांतही झटके घटवते. कोणतेही घेतले तरी किमान चार महिने दिल्याशिवाय निकाल काढू नये, आणि इनहेलर बंद करू नये. त्याआधी एकूण आयजीई (ॲलर्जीचे प्रतिपिंड) आणि ॲस्परजिलस बुरशीचे विशिष्ट आयजीई करून घ्या. बुरशीचा दमा निघाला तर उपचारच बदलतो.

टाईप २ ची एकही खूण नसेल, तर अॅझिथ्रोमायसिन (प्रतिजैविक) ५०० मिलिग्रॅम आठवड्यातून तीनदा हा पर्याय आहे. आधी ईसीजी आणि बेडक्याची जंतुतपासणी अवश्य.

प्रेडनिसोलोन तीन आठवड्यांपेक्षा जास्त चालले असेल तर एकदम तोडू नका. ५ मिलिग्रॅमपर्यंत आल्यावर सकाळी ८ च्या सुमारास, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी, कॉर्टिसोल पाहा. मात्रा उतरवताना पाय बधिर होणे, पाऊल लोळू लागणे किंवा अंगावर जांभळे पुरळ दिसले, तर तो दम्याचा झटका समजू नका. स्टेरॉईडखाली झाकलेला रक्तवाहिन्यांचा दाह वर येत असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून एएनसीए (अशा दाहात आढळणारी प्रतिपिंडे), लघवी आणि हृदयाची तपासणी करावी.