अनुभव धागा: सोनारकामाची मजुरी, इथली आणि परदेशातली

पुण्याच्या रविवार पेठेत दुबईच्या पगाराचा नुसता आकडा ऐकून निघायची तयारी करणारे बरेच आहेत. कुठे मजुरी कशी मोजतात, ते कामातल्यांनी लिहावं. फुशारकी नको, हिशेब हवा.

हातकाम, रविवार पेठ
इथे ग्रॅममागे रोख मिळते आणि वर घट, म्हणजे कामात झिजणाऱ्या सोन्याची सूट. समजा ५० ग्रॅमचा बावीस कॅरेटचा नग, घट ३ टक्के. म्हणजे दीड ग्रॅम पेढीने सोडलं. कानशीचा भुगा, पॉलिशची धूळ, हात धुतलेलं पाणी जपलं आणि तूट एक ग्रॅमवर आली, तर अर्धा ग्रॅम कारागिराचं. तूट दोन ग्रॅम झाली तर अर्धा ग्रॅम खिशातून. पोकळ मणी, बारीक तार आणि पुष्कळ डाग (तुकडे जोडायचा झाळ) असलेल्या कामाला सरसकट ३ टक्के कबूल करू नका. घट चोखात (शुद्ध सोन्यात) की बावीसमध्ये, तेही आधीच लिहून घ्या. बावीसचं दीड ग्रॅम म्हणजे चोख साधारण १.३७. आणि डाग जास्त झाला की हॉलमार्कला ९१६ (बावीस कॅरेटची शुद्धता) बसत नाही, नग परत येतो. काम दोनदा, मजुरी एकदाच.

दुबईच्या वर्कशॉपचे पगारपत्रक बघणारी
दादा, तिथे भुगा मालकाचा, त्यामुळे घटीतून उरणारं काही नाही. खरी मेख मूळ पगारात आहे. समजा एकूण ३००० दिरहॅम. मूळ १२०० आणि बाकी भत्ते दाखवले, तर पहिल्या ५ वर्षांत ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) दरवर्षी २१ दिवसांची, म्हणजे ८४० दिरहॅम. मूळ २००० असेल तर १४००. ओव्हरटाइमही मूळ पगारावरच, दिवसा सव्वापट. वर्ष पूर्ण व्हायच्या आत सोडलं तर ग्रॅच्युइटी शून्य. आयकर नाही हे खरं. भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला तिथल्या कायद्याने मनाई आहे. एजंट ते सांगत नाही.

दागिने दुरुस्ती, अमेरिका
तासावर पगार. आठवड्यात ४० तासांवर गेलं की दीडपट. नगावर मजुरी ठरली तरी ४० नंतरची वाढ मालकाला सहसा द्यावीच लागते, म्हणून तास स्वतः टिपून ठेवा. आरोग्यविमा कोण भरतं, हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

कास्टिंग (दागिन्यांचं ओतकाम)
जर्मनीत सोनारकामाचं प्रशिक्षण साडेतीन वर्षांचं, शिकताना भत्ता मिळतो आणि तो दरवर्षी वाढतो. इटलीत डिसेंबरात तेरावा पगार असतो, तेव्हा महिन्याच्या आकड्याला १२ ने नाही, १३ ने गुणा.

जडाव, लक्ष्मी रोड
सगळे सोन्यावरच बोलताय! आमची मजुरी खड्यामागे. हिरा बसवायला फार धास्ती नसते. पन्ना मात्र खडा धरणारी नखी दाबताना आतल्या चिरेवर फुटू शकतो. म्हणून काम घेतानाच भिंगाखाली चीर दाखवून चिठ्ठीवर लिहून घ्यायची, आणि पन्ना फुटला तर भरपाई कोणाची तेही त्याच चिठ्ठीवर. परदेशी जाणाऱ्यांनी करारात हे कलम शोधावं. नसेल तर सहीआधी घालून घ्यावं.