मदत हवी आहे: चोरीला गेलेल्या डब्याचे पैसे जकातीत (गरिबांना द्यायच्या सक्तीच्या दानात) धरता येतात का?

सलाम, नमस्कार मंडळी. मुंब्र्याला कौशात आमचं किराणा दुकान आहे. मागच्या चाळीतली एक बाई बाळाच्या दूध पावडरचा डबा ओढणीखाली घालून घेऊन गेली, कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतंय. नवरा नाक्यावर उभा राहतो, सध्या काम मिळत नाही. पोलिसांत जायचं नाही, एवढं नक्की.

भाऊ म्हणतो, चोरी ती चोरीच, कुराणातली सूरह माइदा वाच, चोराचे हात तोडा म्हटलंय. मी त्याला दुसरे खलिफा हजरत उमर यांचं सांगितलं. दुष्काळाच्या वर्षी (हिजरी १८) त्यांनी हात तोडायची शिक्षा थांबवली होती. उपाशी गुलामांनी उंटीण चोरून कापली, तेव्हा भरपाई घेतली ती त्यांना उपाशी ठेवणाऱ्या मालकाकडून, आणि तीही दुप्पट! भाऊ गप्प.

पण माझं अडलंय वेगळीकडे. शिक्षा टळली तरी डब्याची किंमत तिच्याकडे येणं राहतेच ना? ती परस्पर जकातीत वळती केली तर चालेल, की जकात आधी तिच्या हातात द्यावी लागते? आम्ही कोकणी, शाफई पंथाचे नियम पाळणारे. ती बहुतेक हनफी पंथाची, म्हणून विचारतो. जाणकारांनी सांगा. तिला न लाजवता विषय कसा काढू, तेही. बायको म्हणते, काढूच नका, पुढचा डबा गुपचूप घरी पोचवा.