‘भावांतर’ची फोड कशी करायची? आणि ते ‘अनुदान’च का?

२०२३ च्या खरिपातल्या कापसाचे हेक्टरी ५,००० रुपये जमा झाले, तेव्हा आमच्या चोपडा तालुक्यात कुणी ‘अनुदान पडलं’ म्हणे, कुणी ‘भावांतर आलं’. आजोबा मात्र अजून ‘हमीभावाचे पैसे’ म्हणतात. हे तिन्ही शब्द एकच का? आणि ‘भावांतर’ मराठी आहे का?

—

एक नाहीत, भाऊ. हमीभाव हा दर आहे. कृषी खर्च व मूल्य आयोग शिफारस करतो, केंद्र सरकार जाहीर करतं. तुम्ही म्हणता त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलला ६,६२० आणि लांब धाग्याला ७,०२० रुपये होता. हमी घेणं म्हणजे जामीन राहणं. कापसाला जामीन राहते सीसीआय, म्हणजे केंद्राचं भारतीय कापूस महामंडळ, पण तिच्या केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की दर कापतात आणि १२ च्या वर माल घेतच नाहीत. पहिल्या वेचणीचा ओलसर कापूस दिवाळीच्या खर्चापायी खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, दारातूनच जातो, तिथे हा जामीनदार कुठून असणार? कागदावरचं नाव आहे ‘किमान आधारभूत किंमत’. त्यात आधार आहे, हमी नाही. मला तेच नाव जास्त खरं वाटतं.

‘भावांतर’ आपल्याकडे रुळलं ते मध्य प्रदेशच्या २०१७ च्या ‘भावांतर भुगतान’ योजनेमुळे. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, देशांतर म्हणजे दुसरा देश. त्या चालीने भावांतर म्हणजे दुसरा भाव, मनाचासुद्धा! इथे मात्र ‘अंतर’ म्हणजे तफावत: आधारभूत किंमत वजा बाजारभाव. व्याकरणाने चूक नाही, पण मराठी कानाला अडखळायला होतं.

‘अनुदान’ कांद्याला शोभतं. २०२३ मध्ये क्विंटलला ३५० रुपये दिले, २०० क्विंटलपर्यंत. कांद्याला हमीभावच नाही, मग फरक काढणार कशातून? कापसाचे ५,००० तर क्षेत्रावर आले, तेही २ हेक्टरपर्यंतच. किती क्विंटल विकला, काय भावाने विकला, याचा त्यात हिशेब नाही. म्हणून ते भावांतरही नव्हे. शासनाने त्याला ‘अर्थसहाय्य’ म्हटलं, ते बरोबर आहे.

—

धुळ्याहून लिहितोय. साधा ‘फरक’ शब्द का नको? महागाई भत्ता वाढला की मास्तर म्हणतात ‘फरक मिळाला’. त्याला कुणी अनुदान म्हणत नाही, कारण तो त्यांच्या कामाचा राहिलेला पैसा असतो. शेतकऱ्याला क्विंटलमागे भावातली तूट भरून दिली, तर तोही राहिलेलाच पैसा. त्याला ‘दान’ लावलं की घेणारा याचक होतो. ‘भावफरक’ म्हणा, बांधावर कुणालाही समजेल.

—

‘भावफरक’ पटला, मी यापुढे तोच वापरणार. पण दादा, मग आजोबांचं चुकलंच का? त्यांनी त्या वर्षी दारातच ६,५०० ने कापूस घातला होता.

—

योजनेच्या नियमाने चुकलं. पण मध्यम धाग्याचा धरला तरी क्विंटलमागे १२० रुपये त्यांचे तेव्हाच बुडाले. पैसे आले तेव्हा त्यांनी ते त्या हिशेबात धरले. त्यांचा शब्द बदलायला मी तरी सांगणार नाही.