मदत हवी आहे: ड्रम किट रेकॉर्ड करायला परवडणारे माइक, चार इनपुट, बजेट अठरा हजार

नमस्कार. इथे बरेच जण घरच्या घरी रेकॉर्डिंग करतात म्हणून विचारतोय. थोडं लांबण लावतो, कारण जागा आणि वाजवणारा माणूस कळल्याशिवाय माइक सुचवणं अवघड आहे.

वाजवणारे माझे बाबा. वय ६९. तरुणपणी चौदा वर्षं ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवले. पुढे त्यांच्या ग्रुपमध्ये ऑक्टापॅड (काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आला आणि किट माळ्यावर गेला. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना आम्ही तो खाली काढला, स्नेअर (मांडीजवळचा खणखणीत ड्रम) आणि टॉमची (बाकीच्या घुमणाऱ्या ड्रमची) कातडी बदलली, आणि आता बाबा रोज रबरी पॅडवर अर्धा तास हात साफ करतात. दादरा, केरवा, लावणीचा ठेका हे सगळं ते किटवर ज्या पद्धतीने वाजवतात, तसं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. ते नीट रेकॉर्ड व्हावं एवढीच इच्छा आहे.

जागा: लालबागला आमच्या मंडळाची तळमजल्यावरची खोली. साधारण १२ बाय १८ फूट, छत साडेआठ फूट. खाली लादी, एका भिंतीला लोखंडी कपाटं. रविवारी सकाळी ११ ते १ मिळते. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलंय, त्यांची हरकत नाही.

हाताशी असलेलं सामान: चार माइक इनपुटचा बेहरिंगर यूएमसी ४०४ एचडी (माइक लॅपटॉपला जोडायचा ऑडिओ इंटरफेस), लॅपटॉप आणि एक शुअर एसएम ५७ माइक.

पहिल्या रविवारी फोनवर रेकॉर्ड केलं. फोन आवाजाची पातळी आपोआप दाबतो, त्यामुळे क्रॅश (मोठी झांज) वाजली की पुढचे दोन मात्रे सगळंच बुडायचं. ऐकून बाबा म्हणाले, "माझा डावा हात कुठाय यात?" बरोबर होतं त्यांचं. मुख्य टोल्यांच्या मधे डाव्या हाताने स्नेअरवर जे हलके थेंब पडतात, त्यातच त्यांचा ठेका आहे, आणि नेमके तेच गायब होते. दुसऱ्या रविवारी एसएम ५७ स्नेअरच्या कडेवर लावला. डावा हात आला, पण फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा मोठा टॉम) शेजारच्या खोलीत वाजल्यासारखा वाटतोय.

एका दुकानदाराने सात माइकची तयार पेटी सुचवली: किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर, तीन टॉम आणि किटच्या वर लावायचे दोन. बजेटमध्ये बसते. पण माझ्याकडे इनपुट चारच, म्हणजे तीन माइक पेटीतच राहणार. शिवाय बाबांचं वाजवणं हळुवार आहे. प्रत्येक ड्रमच्या तोंडाशी माइक कोंबून ते पकडता येईल असं मला वाटत नाही. त्यापेक्षा दोन बरे कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारे माइक) आणि किकसाठी एक माइक घ्यावा का? छत इतकं खाली असताना वरचे माइक लावून उपयोग होतो का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

पेटी घेऊ नका. त्या किमतीच्या पेट्यांमध्ये सगळ्यात कच्चे असतात ते वरचे दोन कंडेन्सर, आणि तुमच्या कामात सगळा भार त्यांच्यावरच आहे.

छोट्या डायफ्रॅमच्या कंडेन्सरची जोडी घ्या. बेहरिंगर सी-२ ची जोडी सगळ्यात स्वस्त. तिचा वरच्या, तीक्ष्ण आवाजांचा पट्टा जरा टोचरा आहे, पण काम होतं. रोड एम ५ किंवा एसई ७ ची जोडी मिळाली तर जास्त बरं. वापरलेली चालेल, फक्त घेण्याआधी दोन्ही माइक जोडून हेडफोनवर ऐका. आपल्याकडे पावसाळ्यात कंडेन्सरला दमट हवा लागली की खरखर सुरू होते. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

लावायची पद्धत इंग्रज इंजिनियर ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाते. एक माइक स्नेअरच्या वर. दुसरा बाबांच्या उजवीकडे, फ्लोअर टॉमच्या जरा वर, तोंड स्नेअरकडे. स्नेअरच्या मध्यापासून दोन्हींचं अंतर तंतोतंत सारखं हवं. सुतळी धरून मोजा, नजरेवर विसंबू नका. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. एक माइक तेवढा लांब राहिला, तर दोन्ही एकत्र केल्यावर ५०० हर्ट्झच्या आसपासचा स्नेअर एकमेकांना खातो आणि डावा हात पुन्हा पातळ होतो.

छताचं म्हणाल तर वरचा माइक स्नेअरपासून ८०-९० सेंटिमीटरवर ठेवा, त्याहून वर नको. त्याच्या डोक्यावर छताला जाड गोधडी बांधा, किटखाली सतरंजी घाला. कपाटांची दारं दोरीने आवळून टाका, नाहीतर किकबरोबर ती थरथरतात. इंटरफेसमधून माइकला मिळणारे ४८ व्होल्ट कंडेन्सरला लागतातच. केबल नीट असेल तर एसएम ५७ ला त्याने काही होत नाही. सर्वांत जोराचा टोला -१० ते -१२ डीबीवर राहील इतकाच गेन (इनपुटची पातळी) द्या.

धागाकर्ता:

मनापासून आभार. कालच करून पाहिलं. एका मित्राकडून रोड एम ५ ची जोडी आणली, सुतळीने मापून दोन्ही ८५ सेंटिमीटरवर लावले. आधी हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) फार वर येत होती. मी माइक हलवत बसलो होतो. बाबांनी हेडफोन लावून दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "माइक राहू दे, मीच हात हलका करतो." त्यानंतरचा दादरा तीनदा ऐकलाय. डावा हात आहे, फ्लोअर टॉम त्याच खोलीत आहे, आणि एसएम ५७ अगदी थोडाच मिसळावा लागला. जोडी हीच घेणार, हे नक्की.

आता प्रश्न फक्त किकचा. एकेजी पी २ हा किकचा माइक बजेटमध्ये बसतोय. पण बाबांच्या किकचं पुढचं कातडं जुन्या पद्धतीचं, अखंड आहे; त्याला भोक पाडायचं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय आणि मलाही ते मान्य आहे. म्हणजे माइक बाहेरूनच लागणार. किकचे बरेच माइक बीटरचा (पायाच्या पेडलवरच्या हातोडीचा) टक्क आवाज उठून यावा असे घडवलेले असतात, आणि अखंड कातड्याबाहेर तो टक्क फारसा पोचतच नाही. मग पी २ घेऊन फरक पडेल, की ते पैसे वाचवून एसएम ५७ च किकसमोर लावू आणि स्नेअर वरच्या दोघांवर सोडू? अखंड कातड्याची किक कुणी रेकॉर्ड केली असेल तर माइक कातड्यापासून किती लांब ठेवला ते नक्की लिहा. पुढचा रविवार मिळालाय.