दिवाळीत तणनाशक मारून ठेवलं आणि वाटाणा नंतर पेरला तर चालेल का?

कांदिवलीचा_शेतकरी
नमस्कार मंडळी. नोकरी मुंबईत, राहतो कांदिवलीला, पण सासवडच्या पुढे आमची दीड एकर आहे, आई आणि चुलते बघतात, मी आपला सुट्टीपुरता शेतकरी. खरिपात मका होता, तो निघाला की रब्बीला वाटाणा करायचं चाललंय. अडचण एकच, तण. मागच्या वेळी चाकवत आणि घोळ असा माजला की पीक कुठलं नि तण कुठलं हेच कळेना, खुरपायला बायका मिळेनात कारण सगळ्यांचं एकाच वेळी निघालेलं, आणि मिळाल्या तोवर वेलांनी एकमेकांना धरलेलं, तण उपटायला जावं तर वाटाणाही हातात यायचा.
परवा ट्रेनमध्ये एक व्हिडिओ बघितला. कॅनडातला शेतकरी ऑक्टोबरमध्ये मोकळ्या रानात तणनाशक मारून ठेवतो आणि वाटाणा पेरतो थेट पुढच्या एप्रिल-मेमध्ये, आणि रान बघाल तर स्वच्छ. म्हटलं मला पण दिवाळीला सलग सुट्टी असते, तेव्हा मारून टाकतो, पेरणी चुलते महिन्याभराने करतील. चालेल का? कुठलं औषध घ्यायचं? मक्यात ॲट्राझिन नावाचं तणनाशक मारलेलं होतं, त्याचा काही संबंध असेल तर तेही सांगा.

पुरंदरी_वाफसा
नाही चालणार भाऊ. रात्री लिहितो नीट, आत्ता लाइट आलीये, मोटर चालू करायला चाललोय.

डोंबिवली_ते_सस्कॅचवान
मी इकडे कॅनडात शेतीच्या दुकानातच कामाला आहे, म्हणून त्या व्हिडिओमागचं सांगतो. इकडे ऑक्टोबरच्या शेवटी जमीन गार पडते, साधारण १० अंशाच्या खाली गेली की लोक सल्फेन्ट्राझोन, पायरॉक्सासल्फोन असली औषधं मारतात, नाहीतर इथालफ्लुरॅलीनचे दाणे टाकून हॅरोने मातीत मिसळतात. औषध कुजवायचं काम मातीतले जिवाणू करतात आणि ते थंडीत गप्प बसतात, नंतर तर जमीनच गोठते. म्हणजे पाच-सहा महिने औषध फ्रीजमध्ये ठेवल्यासारखं. मग बर्फ वितळतं, ते पाणी औषधाला मातीत मुरवतं आणि तण उगवायला लागतं तेव्हा औषध तयारीत असतं. वसंतात मारलं तर पावसाची वाट बघावी लागते, आणि प्रेअरीत, म्हणजे इकडच्या मोकळ्या माळरानात, तो पाऊस वेळेवर येईलच असं नाही, पाऊस नाही तर औषध वरच पडून राहतं आणि तण खालून आरामात येतं. पेरणीच्या घाईतलं एक काम कमी होतं हा फायदा वेगळाच.
दुसरं कारण म्हणजे कोशिया नावाचं तण. बर्फ हटलं की सगळ्यात आधी तेच उगवतं, आणि ग्लायफोसेट या तणनाशकाला दाद न देणारा कोशिया इकडच्या अल्बर्टा प्रांतात २०११ मध्येच सापडला, इमॅझेथापायरच्या गटातल्या तणनाशकांना तर तो त्याच्याही आधीपासून जुमानत नाही. वाटाणा उगवल्यावर त्याच्यावर मारायला हातात फार काही उरत नाही, म्हणून सगळी धडपड उगवणीच्या आधी.
आता तुमच्या सासवडला बर्फ कुठून आणणार? दिवाळीनंतरची जमीन उबदार, वर पाणी दिलेलं, तिथे औषधाचा जोर मारल्या दिवसापासून उतरणार.

पुरंदरी_वाफसा
वर डोंबिवलीकरांनी बरोबर सांगितलंय, पण आपल्याकडे खरी गोची त्याहून साधी आहे. आपल्याकडे वाटाण्यात उगवणीआधी मारतात ते पेंडीमिथॅलीन हे तणनाशक मातीच्या वरच्या थरात एक पापुद्रा धरतं, तण त्यातून कोंब काढायला जातं आणि तिथेच बसतं. तुम्ही दिवाळीत मारलं आणि महिन्याने चुलत्यांनी पेरणीसाठी वखर घातला की तो पापुद्रा मोडला, पैसे गेले. म्हणून आपल्याकडे आधी पेरणी आणि मग औषध, ४८ तासांच्या आत, ओल असताना. उगवलेल्या तणावर ते काही करत नाही हे पण लक्षात ठेवा, लोक तण दिसल्यावर मारतात आणि दुकानदाराला शिव्या देतात.
३० टक्के ईसी (पाण्यात मिसळलं की दुधाळ होणारं द्रव) असेल तर हेक्टरी एक किलो मूळ घटकाच्या हिशोबाने एकरी साधारण १.३ लिटर, २०० लिटर पाण्यात, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १०० मिली. ३८.७ टक्के सीएस (औषध बारीक कुप्यांत बंद असलेलं) वेगळं, ते एकरी ७०० मिलीच्या आसपास, तेव्हा डबा हातात घेऊन टक्केवारी वाचा आणि लेबलवर लिहिलंय तसंच करा, हलक्या मुरमाड रानात तर हात जास्त सैल सोडू नका. पाणी कमी करायचं नाही, इथेच सगळे कंजूषपणा करतात. नोझल पसरट फवाऱ्याचं घ्या, कीटकनाशकाचं गोल नको, आणि मारताना मागे मागे सरकत चला, मारलेल्यावर पाय द्यायचा नाही. बी चार-पाच सेंटिमीटर खाली पाहिजे, वर राहिलं तर वाटाण्यालाच मार बसतो.
आणि दिवाळीनंतर महिनाभर थांबून पेरताय कशाला? शेंग भरायला ऊन गाठेल. सुट्टी दिवाळीची आहे ना, मग पेराच दिवाळीत, दुसऱ्या दिवशी सकाळी फवारा, तुमचा प्रश्न तिथेच मिटला.

वाशी_पहाटे_चार
शेतीतलं कळत नाही, मार्केटचं सांगतो. थंडी पडली की जबलपूरकडचा हिरवा वाटाणा वाशीत धो-धो येतो आणि भाव बसतो, त्यामुळे जितका आधी आणाल तितकं बरं. आणि तो कॅनडाचा वाटाणा म्हणजे वाळलेला, आपल्या रगड्यातला, त्याचा या शेंगेशी संबंध नाही. त्याचं गणित आयात ड्युटीवर, २०१७ मध्ये ५० टक्के लावली होती, डिसेंबर २०२३ मध्ये काढली होती, आमच्याकडचे लोक पीक सोडून ती बातमीच बघत बसतात.

कांदिवलीचा_शेतकरी
वाह, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. दिवाळीतच पेरायचं चुलत्यांच्या गळी उतरवतो. मग सुट्टीच्या आधी काहीच करायचं नाही का? आणि ॲट्राझिनचं राहिलं.

पुरंदरी_वाफसा
करायचं ना, आणि ते औषधापेक्षा कामाचं आहे. मका निघाला की धसकटं वेचून रान ओलवून घ्या. आठ-दहा दिवसांत वरचं तण हिरवंगार उगवून येईल, बघून पोटात गोळा येतो पण येऊ दे. वाफसा आला, म्हणजे माती चिकटणार नाही इतपत ओल राहिली, की उथळ वखराची पाळी, दोन बोटं खोल, जास्त नाही. खोल नांगरलं की खालचं बी वर येतं आणि पुन्हा पहिल्यापासून. वेळ असेल तर असं दोनदा करा आणि मगच पेरा. चाकवत, घोळ, माठ यांचा बराचसा साठा तिथेच मोडतो, उरलेल्याला पेंडीमिथॅलीन. त्यानंतरही पंचवीसेक दिवसांनी एक खुरपणी लागतेच, पहिले पाच-सहा आठवडे रान स्वच्छ ठेवलं की पुढे वाटाणा स्वतःच जमीन झाकतो.
लव्हाळा आणि हरळी असेल तर मात्र यातलं काही चालत नाही. ती गाठीतून-काशातून येतात, ती उन्हाळ्यात नांगरट करून काशा वेचायचीच कामं.

डोंबिवली_ते_सस्कॅचवान
ॲट्राझिनचं मी सांगतो. वाटाणा त्याला नाजूक. गंमत अशी की उगवण चांगली होते, चार पानं येतात आणि मग खालची पानं कडेने पिवळी पडून करपायला लागतात, लोकांना वाटतं मर रोग आला. किती मारलं होतं आणि नंतर पाऊस किती झाला यावर सगळं आहे, ओल-ऊब मिळाली की ते लवकर सरतं, पण चुनखडीच्या, पीएच जास्त असलेल्या रानात रेंगाळतं.
अंदाज करायची गरज नाही. मक्याच्या रानात पाच-सहा ठिकाणची वरची वीतभर माती एकत्र करून आणा, आणि बांधाकडची, जिथे फवारा गेला नाही, ती वेगळ्या पिशवीत. दोन कुंड्या भरा, कांदिवलीच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये चालतील, ऊन मात्र लागलं पाहिजे. दोन्हीत तेच बियाणं टाका आणि तीन आठवडे बघा, कारण उगवणीत फरक दिसणारच नाही, फरक पानांत दिसेल. मक्याच्या कुंडीतली रोपं पिवळी आणि बांधाची हिरवी, तर यंदा तिथे वाटाणा नको, ज्वारी करा. दोन्ही सारखी, तर बिनधास्त पेरा. माती आत्ताच आणा, दिवाळीला आणून उपयोग नाही.

कांदिवलीचा_शेतकरी
शनिवारी गावी जातोय, दोन पिशव्या आणतो. घरी विचारतील भाजी लावतोस का, काय सांगू.
शेवटचं, पंप शेजाऱ्याचा घेतो आम्ही, चालतो ना?

पुरंदरी_वाफसा
शेजारी ऊस करतो का? उसात टू-फोर-डी (रुंद पानांच्या तणाचं तणनाशक) मारलेला पंप वाटाण्यात आणू नका. आमच्या भावकीत एकाने असाच मागून आणला, नुसता पाण्याने खळबळला, आणि वाटाण्याचे शेंडे पिळवटून गेले, पानं चमच्यासारखी वळली, बघवत नव्हतं. ते औषध पंपाच्या नळीत नि वायसरात बसतं, एका पाण्याने निघत नाही. तणनाशकाला पंप वेगळाच ठेवायचा आणि त्यातही टू-फोर-डीचा वेगळा. साधा हातपंप नवा घ्या, दीड एकराला पुरतो. हातमोजे आणि मास्क त्याच दुकानातून घ्या, घरी आल्यावर घेऊ म्हणालात की राहतं.